फिल्टर बँकेच्या वायरी आल्या कुठून

लातूरची गंजगोलाई पाहिलेल्या माणसाला फिल्टर बँक समजावून सांगायला मला दोन मिनिटं पुरतात. मधल्या गोलाला १६ रस्ते येऊन मिळतात आणि बाजार रस्त्यागणिक बदलतो. कुठे सोनं, कुठे चपला, कुठे मिरची. फिल्टर बँकेत आवाज असाच मध्ये येतो आणि खर्जापासून टिपेपर्यंत वेगवेगळ्या रस्त्यांना लागतो. एकीकडे नुसता घुमारा, दुसरीकडे नुसता खणखणाट. या रस्त्यांना बँड म्हणतात. मॉड्युलर सिंथेसायझर म्हणजे सुटे भाग वायरींनी जोडून आवाज घडवणारं यंत्र. त्यावरचं पॅचिंग म्हणजे कुठला बँड कुठे वळवायचा, हे वायरींनी ठरवणं.

आवाज फोडून ऐकण्याची कल्पना विजेच्या आधीची. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पोकळ गोळ्यांचं वर्णन आहे. गोळ्याचं टोक कानात बसवायचं. तो ठरावीक स्वरालाच घुमतो.

पण आजच्या वायरींचं मूळ टेलिफोनमध्ये आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये होमर डडली १९२८ पासून एका अडचणीवर काम करत होता. समुद्राखालून जाणाऱ्या तारेत माणसाचं बोलणं मावत नव्हतं. त्याने बोलणं १० बँडमध्ये फोडलं आणि मूळ आवाज पाठवायचाच नाही असं ठरवलं. कुठल्या बँडमध्ये या क्षणी जोर किती, एवढाच निरोप पाठवायचा. पलीकडे त्यावरून बोलणं पुन्हा घडवायचं. हा व्होकोडर. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात या व्होकोडरचं भावंड, व्होडर नावाचं बोटांनी वाजवायचं बोलकं यंत्र, लोकांसमोर बोललं. १० बोटांखाली १० फिल्टर, मनगटाखाली गुणगुण की फूत्कार हे निवडणारी पट्टी, आणि पायाखालच्या पेडलवर आवाजाची चढउतार. ते नीट बोलवायला ऑपरेटर मुलींना महिनोन्‌महिने सराव करावा लागे. १९४३ पासून हाच व्होकोडर दोस्त राष्ट्रांची गुप्त संभाषणं वाहू लागला.

डडलीने फोडणं आणि जोडणं वेगळं केलं, आणि त्या दोहोंमध्ये एक मोकळी जागा तयार झाली. त्याला तिथून निरोप जसाच्या तसा न्यायचा होता. संगीतकारांनी तिथेच हात घातला.

सिंथेसायझर बनवणाऱ्या रॉबर्ट मूगच्या ९१४ या फिल्टर बँकेत १२ बँड, शिवाय खालच्या आणि वरच्या टोकाला एकेक फिल्टर. प्रत्येकाला आपली कळ, पण बाहेर पडताना सगळे एकाच वाटेने. रंग बदलता येतो, रस्ता वळवता येत नाही. दुसरा सिंथेसायझरकर्ता सर्ज चेरेपनिन. त्याच्या रेझोनंट इक्वलायझर या फिल्टर बँकेत १० बँड, आणि टोकाचे सोडले तर त्यांच्यातलं अंतर सप्तकाचं नाही, सा ते शुद्ध नी एवढं. त्यामुळे एकच स्वर सप्तकासप्तकात फुगत नाही. मला या यंत्रातली ही सगळ्यात कानसेन गोष्ट वाटते. शिवाय एकाआड एक बँड दोन वेगळ्या वाटांनी काढता येतात. तिसरा डॉन बुक्ला. त्याच्या २९६ या फिल्टर बँकेत १६ बँड. तिथे सम आणि विषम बँड वेगळे होतात आणि एका गटातला जोर दुसऱ्यावर लादता येतो. पुढे १९९० च्या दशकात डोपफर या जर्मन कंपनीने युरोरॅक, म्हणजे आकाराने लहान मॉड्युलर भागांचा साचा, आणला, तेव्हा हे घरातल्या टेबलावर आलं.

भारतात मूगचा मॉड्युलर सिंथेसायझर आला तो १९६९ मध्ये, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत. संगीतकार गीता साराभाईंच्या प्रयत्नांतून तिथला स्टुडिओ उभा राहिला आणि अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने तो लावून दिला. मराठवाड्यात अशी जागा झाली नाही, याची हळहळ वाटते. कारण या यंत्राला हवा तसा आवाज आपल्याकडे गोंधळात रोज वाजतो.

संबळाचंच घ्या. जोडीतला एक खर्जाचा, दुसरा चढा. त्याचं रेकॉर्डिंग मी बँकेत सोडतो आणि सर्वांत खालच्या बँडला एन्व्हलप फॉलोअर जोडतो. ठोक्याच्या जोराचं व्होल्टेज मिळतं. दुसऱ्या बँकेत तुणतुणं. सरळ जोडणीत हे व्होल्टेज तुणतुण्याच्या खालच्याच बँडला गेलं असतं. मी ती वायर उपसून सर्वांत वरच्या बँडच्या व्हीसीएला, म्हणजे व्होल्टेजप्रमाणे आवाज लहानमोठा करणाऱ्या भागाला, लावतो. मग सम बँड डाव्या स्पीकरला, विषम उजव्याला. तुणतुणं मंद चालू असतं. खालच्या संबळावर घाव पडला की तारेची नुसती धार क्षणभर उजळते, आणि पुढच्या ठोक्यापर्यंत विझत जाते.