ईस्टर एका दिवसाचा की पन्नास दिवसांचा? नागपूरच्या मंडळ्यांची पार्श्वभूमी

ईस्टरआधीचा उपवासकाळ किती दिवसांचा, हे नागपूरच्या कुठल्याही ख्रिस्ती घरात विचारा, उत्तर लगेच येते: चाळीस. सदरपासून जरीपटक्यापर्यंत दर शुक्रवारी कोणाच्या तरी घरी प्रार्थना असते, लग्ने पुढे ढकललेली असतात, काही घरांत मटण बंद असते. मग झावळ्यांचा रविवार, दुःखसप्ताह, उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) भर दुपारी बारा ते तीन येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात जणांची सात प्रवचने. ईस्टरच्या पहाटे दफनभूमीत मेणबत्त्या लागतात, "प्रभू उठला आहे" म्हणून गळाभेटी होतात, दुपारी सावजी रस्सा किंवा बिर्याणी होते आणि सोमवारी सगळे कामावर जातात. चर्चच्या पंचांगाप्रमाणे मात्र सण त्या दिवशी नुसता सुरू झालेला असतो. पेंटेकॉस्टपर्यंतचे, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंतचे, पन्नास दिवस पुनरुत्थानकाळाचे. चाळीस दिवस दुःख पाळायला शिकलेल्या माणसांना पन्नास दिवस आनंद पाळायला कोणी शिकवले नाही, असे माझे मत आहे. त्याची कारणे बरीचशी इथल्याच इतिहासात सापडतात.

आधी शब्द. आपल्या बायबलमध्ये "ईस्टर" हा शब्द नाही, "वल्हांडण" आहे. मिसरातल्या इस्राएलांची घरे मृत्यूने ओलांडली, त्या रात्रीचा सण. कॅथलिक मराठीत त्यालाच "पास्खा" म्हणतात आणि येशूच्या मरण-पुनरुत्थानालाही तोच शब्द लावतात, त्यामुळे दोन्ही घटना एका धाग्यात राहतात. प्रोटेस्टंट मराठीत वल्हांडण जुन्या करारात राहिला आणि "ईस्टर" इंग्रजीतून वेगळा आला. बाप्तिस्मा-स्नानसंस्कार, उपवासकाळ-प्रायश्चित्तकाळ याही अशाच जोड्या. एकाच गल्लीतली दोन घरे एकच गोष्ट दोन नावांनी करतात.

फार जुन्या काळात जाण्याचे कारण नाही. ३२५ साली नायसियाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेने विसावा नियम केला, तेवढा सांगतो: रविवारी आणि ईस्टर ते पेंटेकॉस्ट या दिवसांत गुडघे टेकून प्रार्थना करायची नाही, उभ्याने करायची. उठलेल्या प्रभूचे लोक उभे राहतात, हा त्यामागचा विचार. आज नागपुरात हा नियम माहीत असलेला माणूस मला क्वचितच भेटतो.

याचे एक कारण स्कॉटलंडमध्ये आहे. १८४५ मध्ये, भोसल्यांचे राज्य असतानाच, नागपुरात कायमचे काम सुरू करणारे मिशनरी ज्या परंपरेतून आले ती ईस्टर पाळतच नव्हती. १५६० च्या धर्मसुधारणेनंतर तिथल्या प्रेस्बिटेरियन मंडळीने नाताळ, ईस्टर असे सगळे सण काढून टाकले होते. बायबलमध्ये आज्ञा नाही ते पाळायचे नाही, हे तत्त्व. १६१८ मध्ये राजाने ते सण सक्तीने परत आणले, १६३८ मध्ये मंडळीने ते पुन्हा फेकून दिले. दर रविवार हाच पुनरुत्थानाचा दिवस, मग वर्षातून एकच रविवार वेगळा कशाला, असे त्यांचे म्हणणे. ते चूक होते असे मला म्हणवत नाही. पण ज्यांनी आपल्याला वाचायला शिकवले, ज्यांची शाळा पुढे १८८३ मध्ये हिस्लॉप कॉलेज झाली, ज्यांनी बायकांसाठी चालवलेल्या दवाखान्यात सीताबर्डीला कित्येकांचा जन्म झाला, त्यांच्या घरी ईस्टर नव्हता, हे विसरून चालत नाही. त्यांच्याकडून आपण शाळा, दवाखाना, संडे स्कूल आणि लांब प्रवचन घेतले. सणांचे वर्ष घेतले नाही, कारण त्यांच्या झोळीत ते नव्हतेच.

वर्षाचे चक्र आले दुसऱ्या वाटांनी. १८२१ मध्ये वसलेल्या कामठी छावणीतल्या गोऱ्या फौजेबरोबर अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडची, उपासना आली, आणि विशाखापट्टणकडून फ्रेंच भाषक कॅथलिक धर्मगुरू आले. १८८७ मध्ये नागपूरचा वेगळा कॅथलिक धर्मप्रांत झाला. पण सदरच्या अँग्लिकन कॅथेड्रलमधले ते चक्र बराच काळ इंग्रजीत फिरले आणि कॅथलिकांचे लॅटिनमध्ये. मराठी प्रोटेस्टंट माणसाने त्यातले जे डोळ्यांना दिसत होते तेवढे उचलले: झावळ्या, काळे कापड, पहाटेची उपासना. पहाटेच्या उपासनेचे मूळही गमतीचे. १७३२ मध्ये जर्मनीतल्या हेर्नहुट गावात मोरेव्हियन या प्रोटेस्टंट पंथातल्या तरुणांचा एक गट भल्या पहाटे दफनभूमीत जाऊन गायला, तिथून ही प्रथा जगभर गेली. आपल्याकडे तिला प्रभातफेरीची, पेटी-ढोलकीची जोड मिळाली. एप्रिलमधल्या नागपुरात उपासनेला पहाटेइतकी सोयीची वेळ दुसरी नाही, हेही खरे.

आता मुख्य गाठ. १९७० हे वर्ष या शहरासाठी दोन अंगांनी महत्त्वाचे. १ जानेवारीपासून कॅथलिकांचे नवे पंचांग लागू झाले. ईस्टर ते पेंटेकॉस्ट हे पन्नास दिवस एकच सण म्हणून, जणू एकच "मोठा रविवार" म्हणून पाळावेत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. आणि २९ नोव्हेंबरला सदरच्या कॅथेड्रलच्या आवारात उत्तर भारतातल्या सहा प्रोटेस्टंट परंपरा एक होऊन "चर्च ऑफ नॉर्थ इंडिया" झाली. बोलणी १९२९ पासून चालली होती, म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त. तो दिवस आगमनकाळाचा, म्हणजे नाताळआधीच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार होता, चर्चच्या वर्षाचा पाडवाच म्हणा. ज्यांच्या पूर्वजांनी पंचांग फाडले होते तेही त्या दिवशी नव्या वर्षात आले. सातवी परंपरा, अमेरिकन मेथडिस्टांची, ऐन वेळी बाहेर राहिली, त्याबद्दल बरेच बोलले गेले. मांडवात पाळकांवर हात ठेवून झालेली प्रार्थना ही त्यांची नवी पाळकदीक्षा होती की नाही, यावरही शाई खर्च झाली. पण मंडळीच्या बाकावर बसणाऱ्या माणसाला भिडला तो बाप्तिस्म्याचा प्रश्न, आणि तो थेट ईस्टरला जाऊन भिडतो.

सहापैकी तीन परंपरा तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देणाऱ्या होत्या: अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल आणि मेथडिस्ट. उरलेल्या तीन, म्हणजे बॅप्टिस्ट, ब्रेदरन आणि डिसायपल्स, जाणत्या वयात, स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करणाऱ्यालाच पाण्यात बुडवणाऱ्या. दोघांकडे पौलाचे एकच वचन, रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय: बाप्तिस्म्यात आपण ख्रिस्ताबरोबर पुरले जातो आणि त्याच्याबरोबर नव्या जीवनात चालतो. एक म्हणे, कृपा आधी येते, लेकराला काय कळते हा प्रश्नच नाही. आईचे दूधही न कळताच पोटात जाते. दुसरा म्हणे, पुरले जाणे आणि उठणे हे ज्याचे त्याला ठाऊक असले पाहिजे, नाहीतर कपाळावर चार थेंब पडले एवढेच. दोन्ही बाजूंची माणसे प्रामाणिक होती. माझे घर तान्ह्यांच्या बाजूचे, तरी बुडवून घेतलेला बाप्तिस्मा पाहिला की ईस्टर डोळ्यांना दिसतो, हे मान्य करावे लागते.

तोडगा निघाला तो असा: दोन वाटा, दोन्ही सारख्या मानाच्या. पहिली वाट: लहानपणी बाप्तिस्मा, मग घर आणि मंडळीचे संस्कार, मग जाणत्या वयात स्वतःची कबुली. दुसरी: लहानपणी फक्त समर्पणाची प्रार्थना, मग तेच संस्कार, मग जाणत्या वयात बाप्तिस्मा. कागदावर हे फार सुंदर होते, कारण दोन्ही वाटांत मधला टप्पा एकच होता, वाढवण्याचा. तो टप्पा नेमका कधी, कुठे, कोणी करायचा, हे मात्र मंडळ्यांवर सोपवले गेले, आणि आपल्या मंडळ्यांनी तो दृढीकरणाच्या (जाणत्या वयातल्या कबुलीच्या विधीच्या) आधीच्या काही शनिवारांत उरकला. चर्चेत भर राहिला पाण्यावर: किती, कसे, कोणत्या वयात. माझी तक्रार इथेच आहे.

खरी अडचण तिसऱ्या माणसाची होती. लहानपणी बाप्तिस्मा झालेला, तिशीत एखाद्या शिबिरात हलून गेलेला माणूस पाळकाकडे येतो आणि म्हणतो, मला आता पाण्यात उतरायचे आहे. त्याला हो म्हटले तर पहिला बाप्तिस्मा खोटा ठरतो. नाही म्हटले तर तो उठून जातो. पुनर्बाप्तिस्म्याला जागा नाही, ही भूमिका तत्त्वाने बरोबर होती. पण गेल्या काही दशकांत शहराच्या कडेने स्वतंत्र प्रार्थनागृहे वाढली, आणि आमच्या बाकांवरची माणसे एखाद्या शनिवारी तिकडे पाण्यात उतरून रविवारी आपल्या जागी येऊन बसू लागली. कळायचे तेव्हा कुजबुज, मग सभेत विषय, मग कोणाचे तरी मंडळी सोडणे. आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या बाई अशा वेळी विचारायच्या, "काहून बाप्पा, पयला धुऊन निघाला का?" त्यांचा प्रश्न हसण्यावारी गेला. तशा माणसाला मंडळीने देण्यासारखे काही होते का, हे तेव्हा कोणी विचारले नाही.

होते. कॅथलिकांनी १९५१ मध्ये ईस्टरची जागरण-उपासना शनिवारच्या सकाळवरून परत रात्री आणली आणि तिच्यात सगळ्या लोकांकडून बाप्तिस्म्याच्या वचनांचे नूतनीकरण घातले. नवा अग्नी, मोठी मेणबत्ती, पाणी शिंपडणे, आणि तीच जुनी वचने नव्याने उच्चारणे. पुन्हा बाप्तिस्मा न घेताही पाण्याशी परत जाता येते, याची ही वाट शेजारच्याच गल्लीत होती. काही प्रोटेस्टंट मंडळ्यांनी ती उशिरा उचलली. बहुतेक ठिकाणी ते "कॅथलिकांचे" म्हणून बाजूला राहिले.

या शहरात बाप्तिस्मा हा केवळ धर्मशास्त्राचा विषय कधीच नव्हता, हेही जोडायला हवे. १९५० च्या राष्ट्रपती आदेशाने अनुसूचित जातीतला माणूस ख्रिस्ती झाला की सवलती जातात हे ठरले. शीखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये त्यात जागा मिळाली, ख्रिस्त्यांना नाही. १९५६ मध्येच, नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी असताना, मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचा अहवाल आला. धर्मांतर हेच ज्यांचे मुख्य काम अशा परदेशी मिशनऱ्यांनी देश सोडावा, असे त्यात होते. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर लाखोंनी धम्मदीक्षा घेतली. धर्म बदलणे म्हणजे काय, यावर सगळे शहर बोलत होते. ख्रिस्ती मंडळ्या त्या वर्षांत आत वळल्या, आवाज लहान केला. ईस्टरची प्रभातफेरी चर्चच्या फाटकाबाहेर न जाण्याची सवय काही ठिकाणी तेव्हाची, असे जुने लोक सांगतात.

मग पन्नास दिवसांत विश्वास जगायचा म्हणजे काय करायचे? सुवार्तेतले ते दिवस पाहिले तर फार साधे आहेत. दोघे शिष्य अम्माऊस गावाच्या वाटेवर चालतात, अनोळखी सोबत्याला, म्हणजे न ओळखलेल्या येशूलाच, रात्रीपुरते थांबवून घेतात. रात्रभर जाळी ओढून काही न मिळालेल्या कोळ्यांसाठी काठावर निखाऱ्यांवर मासे आणि भाकरी तयार असते. थोमा या शिष्याला पुनरुत्थानाबद्दल शंका घेऊ देतात. चालणे, जेवू घालणे, शंकेला जागा देणे. यातले बरेच इथे चालू आहे, फक्त त्याला कोणी ईस्टर म्हणत नाही. चर्चच्या भिंतीला टेकून मांडलेली पाणपोई, वाळा घातलेले माठ, १४ एप्रिलच्या मिरवणुकीला पाणी देणारी तरुण संघाची पोरे, मे महिन्यात पोरांची सुट्टीतली बायबल शाळा, महिला मंडळाने दवाखान्यात पोचवलेले डबे. पंचांगाप्रमाणे हे बहुतेक सगळे पुनरुत्थानकाळातच पडते. उपवासकाळातल्या दानाच्या पाकिटावर चर्चचा शिक्का असतो. पाणपोईच्या माठावर नसतो.

एक अडचण निव्वळ हवामानाची आहे. पेंटेकॉस्ट १० मे ते १३ जून यांच्या मध्येच येतो, आणि विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणजे पन्नासावा दिवस दर वर्षी पंचेचाळीस अंशांत, सुट्टीत, अर्धी मंडळी गावी किंवा लग्नाला गेलेली असताना येतो. आमच्याकडे दोन वर्षांपासून त्या रविवारची उपासना सकाळी साडेसहाला घेतात. कूलरच्या आवाजात वचनांचे नूतनीकरण होते, पाणी शिंपडताना मागच्या बाकावरची पोरे पुढे सरकतात, आणखी शिंपडा म्हणून.