चौथी मिती दिसत नाही, पण तिची सावली दिसते

चौथी मिती म्हटलं की बहुतेक जण 'ती म्हणजे टाइम' असं सांगून मोकळे होतात. पण गणितातली चौथी मिती वेगळी आणि आइन्स्टाइनच्या फिजिक्समधली वेगळी, आणि या दोघींची इतकी सरमिसळ झालीय की माणूस दोन्हीकडून गोंधळतो.

आधी गणितातली बघू. कागदातून 'प' हे अक्षर कापा आणि टेबलावर ठेवा. आता ते टेबलावरच कितीही सरकवा, गरागरा फिरवा, आरशात दिसतो तसला उलटा प काही केल्या होणार नाही. उचलून पालथा टाका, झाला! टेबलाच्या दोन मितींत जे अशक्य होतं ते तिसरी मिळाल्यावर एका झटक्यात जमलं. तसाच डाव्या हाताचा मोजा कसाही फिरवला तरी उजव्या हातात नीट बसत नाही (आतली बाजू बाहेर काढायची नाही, ती चीटिंग), पण त्याला 'पालथा' टाकायला आणखी एक दिशा असती तर तोही बसला असता. मोबियस या जर्मन गणितज्ञाच्या हे १८२७ मध्येच लक्षात आलं होतं. दोरीच्या गाठीचंही तेच, चार मिती असतील तर दोरीचं टोक न सोडता कुठलीही गाठ सुटते, कारण दोरीचा एक पदर दुसऱ्याला न कापता बाजूने काढायला जागा मिळते.

ही दिशा नक्की कुठे असते? बोट दाखवता येत नाही. वर-खाली, पुढे-मागे, डावी-उजवी या तिन्हींना काटकोनात असलेली दिशा आपल्या मेंदूला सापडतच नाही, आणि कोणी 'मला दिसते' म्हणालं तर मी तरी विश्वास ठेवणार नाही. पण मोजता मात्र येते. रेघेला २ टोकं, चौरसाला ४ कोपरे, घनाला ८, म्हणजे पुढच्याला १६. त्या पुढच्या आकाराला टेसरॅक्ट म्हणतात, त्याला ३२ कडा असतात आणि तो ८ घनांनी वेढलेला असतो. मोठ्या घनात छोटा घन आणि कोपरे जोडलेले असं त्याचं चित्र तुम्ही पाहिलं असेल, ती त्याची सावली आहे. कागदावर घन काढतो तेव्हा त्याचे काही चौरस तिरके दिसतात पण खऱ्या घनात सगळे सारखेच असतात ना, तसंच त्या चित्रातला छोटा घन, मोठा घन आणि मधले सहा वेडेवाकडे डबे हे आठही प्रत्यक्षात एकसारखे घन आहेत.

आपल्या विश्वात अशी ऐसपैस चौथी दिशा असण्याची शक्यता मात्र जवळजवळ नाहीच. अंतर दुप्पट झालं की गुरुत्वाकर्षण एक चतुर्थांश होतं, आणि जागेला चार मिती असत्या तर ते एक अष्टमांश झालं असतं. मग ग्रहांच्या कक्षा टिकल्याच नसत्या, जरा धक्का लागला की ग्रह एकतर सूर्यात पडला असता नाहीतर कायमचा निघून गेला असता. एरनफेस्ट या भौतिकशास्त्रज्ञाने हे १९१७ मध्ये दाखवलं.

आता टाइम. कुणाला भेटायचं तर जागेचे तीन आकडे आणि वेळेचा चौथा लागतो म्हणून वेळ ही चौथी मिती, हे स्पष्टीकरण मला कधीच पटलं नाही. असं तर तापमानालाही पाचवी मिती म्हणता येईल! खरं कारण वेगळंच आहे. काठी उन्हात धरून फिरवली की सावली लांब-आखूड होते, काठी तेवढीच राहते. १९०८ मध्ये मिन्कोव्हस्कीने (हे झुरिकमध्ये आइन्स्टाइनचे शिक्षक होते) मांडलं की अंतर आणि वेळ या दोन्ही अशाच सावल्या आहेत. वेगवेगळ्या वेगाने जाणाऱ्यांना त्या वेगवेगळ्या दिसतात, पण दोन्ही मिळून जे एक माप बनतं ते सगळ्यांना सारखंच येतं. फक्त पायथागोरसमध्ये वर्गांची बेरीज करतो तिथे इथे वेळेचा वर्ग आणि अंतराचा वर्ग यांची वजाबाकी होते, आणि त्या एका वजा चिन्हामुळे वेळ ही जागेसारखी मिती नाही. जागेत फिरून तोंड मागे करता येतं, पण वेग कितीही वाढवला तरी उद्याकडे असलेलं तोंड कालकडे वळत नाही.

याचा पुरावा आत्ता तुमच्या तळहातातून चाललाय. म्युऑन नावाचे कण साधारण १५ किलोमीटर उंचीवर तयार होतात आणि सरासरी २.२ मायक्रोसेकंदच जगतात, म्हणजे प्रकाशाच्या वेगाने पळाले तरी साधारण ६६० मीटरमध्ये बहुतेकांचा खेळ खल्लास व्हायला हवा. तरी ते जमिनीपर्यंत पोचतात, तळहाताएवढ्या जागेतून साधारण सेकंदाला एक. आपण म्हणतो की म्युऑनचं घड्याळ हळू चालतं. म्युऑनला विचाराल तर तो म्हणेल, माझं घड्याळ बरोबर आहे, तुमचं वातावरणच काहीशे मीटर जाडीचं आहे.