वांधा कोणत्या रकान्यात लिहायचा?

लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीच्या आवारात कांद्याचा लिलाव सुरू असताना एका ट्रॉलीपाशी घोळका फार वेळ थांबत नाही. व्यापारी वरचे चार कांदे हातात घेऊन पाहतात, बोली चढते, भाव ठरतो आणि सौदापट्टी शेतकऱ्याच्या हाती येते. पुढे भरलेला ट्रॅक्टर भुईकाट्यावर तोलला जातो, व्यापाऱ्याच्या खळ्यावर रिकामा होतो, पुन्हा तोलला जातो आणि दोन वजनांच्या फरकाला भावाने गुणून हिशेबपट्टी तयार होते. हे संगणकावर आणायचे तर शेतकरी, भाव, वजन आणि रक्कम एवढे चार रकाने पुरतील, असे कोणालाही वाटेल. ते का पुरत नाहीत, हे शोधून काढणे म्हणजे प्रणाली विश्लेषण.

विश्लेषकाचे सुरुवातीचे काम संगणकाशी नसतेच. कोणता कागद कोठे तयार होतो, कोणाकोणाच्या हातांतून जातो, कोठे साठतो आणि त्यावर खाडाखोड करण्याचा अधिकार कोणाला आहे, हे तो पाहतो. १९५१ साली ब्रिटनमधील लायन्स या चहा आणि बेकरीच्या कंपनीने लिओ नावाचा संगणक व्यावसायिक हिशेबांसाठी चालवला. कार्यालयीन कामाच्या पद्धती अभ्यासणारा विभाग मात्र त्या कंपनीत संगणकाच्या कितीतरी आधीपासून होता. पुढे १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी सॉफ्टवेअर तज्ज्ञ टॉम डीमार्को यांनी माहितीचा प्रवास दाखवणारी डेटा फ्लो डायग्राम ही आकृती रूढ केली. तिला चारच खुणा लागतात: बाहेरच्या व्यक्तीसाठी चौकोन, कामासाठी वर्तुळ, साठ्यासाठी समांतर रेषा आणि वाहत्या माहितीसाठी बाण.

ही आकृती कार्यालयात बसून काढली तर ती नियमाप्रमाणे होणाऱ्या कामाची निघते. खळ्यावर जाऊन उभे राहिले की वांधा दिसतो. ट्रॉली रिकामी होताना खालचा माल वरच्यापेक्षा हलका निघाला, अशी तक्रार व्यापारी करतो, शेतकरी ती नाकारतो, आणि घासाघीस होऊन कधी भाव उतरतो. उदाहरणादाखल, भरलेले वजन ४८.६० क्विंटल आणि रिकामे २१.४० असेल, तर निव्वळ माल २७.२० क्विंटल होतो. लिलावातल्या १,६५० रुपये भावाने त्याचे ४४,८८० रुपये होतात. वांध्यानंतर १,५०० धरले तर ४०,८००. मधले ४,०८० रुपये ज्या क्षणी कमी झाले, त्या क्षणाला चार रकान्यांच्या तक्त्यात जागाच नाही. लिपिक जुना भाव पुसून नवा भरेल आणि लिलावात काय ठरले होते याचा पुरावा नाहीसा होईल.

येथून संरचनेचे काम सुरू होते. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानावर, म्हणजे माहिती एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांत ठेवण्याच्या पद्धतीवर, आजचे बहुतेक डेटाबेस उभे आहेत. त्यातून आलेली शिस्त अशी, की प्रत्येक गोष्ट एकाच ठिकाणी नोंदवावी आणि ती ज्या घटनेची आहे तिच्याशीच बांधावी. म्हणून सौद्याचा तक्ता वेगळा, तोलाचा वेगळा आणि वांध्याचा वेगळा. वांध्याच्या नोंदीत सौद्याचा क्रमांक, वेळ, कारण, नवा भाव आणि तो मान्य करणाऱ्यांची नावे येतात. सौद्यातला मूळ भाव कोणालाच बदलता येत नाही. रक्कम तर साठवण्याचीही फारशी गरज नाही, ती हवी तेव्हा काढता येते. (छापलेल्या हिशेबपट्टीची प्रत मात्र जपावीच लागते, कारण भांडण कागदावरून होते.)

एक प्रश्न तरीही उरतो. दिवसाचा सरासरी भाव फलकावर लावताना लिलावातला धरायचा की वांध्यानंतरचा? याचे उत्तर प्रोग्रामरने स्वतःच्या अंदाजाने देऊन टाकणे, हा या क्षेत्रातला सर्वांत महागडा प्रमाद आहे, असे मला वाटते. विश्लेषक तो प्रश्न शेतकरी, व्यापारी आणि समितीचे सचिव यांच्यासमोर लेखी ठेवतो आणि उत्तर आल्यावरच सरासरीचे सूत्र लिहिले जाते.

त्यानंतरही नोंदीचा पडदा (स्क्रीन) आधी साध्या कागदावर काढून खळ्यावर न्यावा. उन्हात, धुळीने भरलेल्या बोटांनी कारण टंकलिखित करायला कोणी तयार होणार नाही. तेथे ‘ओला’, ‘दुभाळका’, ‘लहान’ अशी मोठी बटणेच लागतील, हे तो कागद दोन मिनिटांत सांगतो.