नम्पायच्या पोटातलं पॉकेटएफएफटी: एका छोट्या पॅकेजची पार्श्वभूमी

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत आकडेमोडीसाठी नम्पाय हा तयार संच वापरणारे फूरिये रूपांतर एका ओळीत उरकतात. आकड्यांची रांग आत जाते आणि तिच्यात कोणती वारंवारता किती जोरात आहे, ते बाहेर येतं. २०१९च्या १.१७ आवृत्तीपासून हे काम पॉकेटएफएफटी हे छोटं पॅकेज करतं.

रांगेत १,०२४ आकडे असतील तर सरळ सूत्राने १०,४८,५७६ गुणाकार होतात. त्याऐवजी जलद फूरिये रूपांतराची (इंग्रजीत एफएफटी) युक्ती अशी: सम आणि विषम क्रमांकांचे आकडे वेगळे काढायचे, त्या भागांचे पुन्हा तसेच भाग पाडायचे. दहा टप्प्यांत काम संपतं, गुणाकारही दहा हजारांच्या आतच राहतात.

ही युक्ती जेम्स कूली आणि जॉन टुकी यांनी १९६५ साली अवघ्या पाच पानांत मांडली. निकड होती भूकंपमापकाच्या नोंदींवरून सोव्हिएत संघाच्या भूमिगत अणुचाचण्या ओळखण्याची. ही निकड असलेल्या भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड गार्विन यांनी आयबीएममधल्या कूलींना मात्र हेलियम-३च्या स्फटिकांचं कारण सांगितलं होतं! त्याहून थक्क करणारी गोष्ट म्हणजे लघुग्रहांच्या कक्षांचं गणित करताना जर्मन गणितज्ञ गाऊसने हीच रीत १८०५च्या सुमारास लॅटिनमध्ये लिहून ठेवली होती. ती छापली गेली १८६६ साली, त्याच्या मृत्यूनंतर ११ वर्षांनी.

पुढे अमेरिकेत बोल्डरच्या राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्रात पॉल स्वार्झट्राउबर यांनी फोरट्रान या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत एफएफटीपॅक हे पॅकेज लिहिलं. त्याचंच सी भाषेतलं रूप नम्पायने वर्षानुवर्षं वापरलं. एमआयटीतून आलेलं एफएफटीडब्ल्यू हे पॅकेज जास्त वेगवान होतं, पण त्याचा जीपीएल परवाना (त्यावर बांधलेलं सॉफ्टवेअरही त्याच अटींवर द्यायला लावणारा) नम्पायच्या मोकळ्या परवान्याशी जुळणारा नव्हता.

जुन्या पॅकेजची अडचण मूळ संख्यांशी होती. १०,००० आकडे झटकन व्हायचे. १०,००७ ही मूळ संख्या, तेवढे दिले की भागच पडत नसत आणि काम थेट दहा कोटी गुणाकारांवर जायचं. मग लोक शेवटी शून्यं जोडत. पण त्याने वारंवारतांच्या जागा बदलतात, म्हणजे मागितलेलं उत्तर हातात येतच नाही. जर्मनीतल्या माक्स प्लांक खगोलभौतिकी संस्थेचे मार्टिन राइनेके यांनी पॉकेटएफएफटीत अशा लांबीसाठी ब्लूस्टाइनची पद्धत (तेच उत्तर सोयीच्या लांबीच्या रूपांतरांतून काढणारी) बसवली आणि गुणाकारांत लागणारे साइन-कोसाइनचे तक्ते अधिक काटेकोर केले. माझ्या मते दुसरं काम जास्त मोलाचं आहे, कारण संथपणा लगेच जाणवतो, शेवटच्या दशांशातली चूक मात्र जाणवत नाही.

नम्पायने तेव्हा घेतलेल्या रूपात पॉकेटएफएफटीचा सगळा मजकूर एका सी फाइलमध्ये मावत होता. त्यात रांगेच्या लांबीच्या २, ३, ४, ५ या गुणकांसाठी स्वतंत्र फंक्शनं होती. ती स्वार्झट्राउबर यांच्या फोरट्रानमध्येही होती. ७ आणि ११ची नवी होती.