विषुववृत्तापलीकडची आखाजी

अक्षय्य तृतीयेला खान्देशात आखाजी म्हणतात, आणि जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या घरांत हा सण दिवाळीच्या तोलाचा मानला जातो. सासुरवाशिणी माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधले जातात, आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळीचा बेत होतो, आणि पितरांच्या नावाने नवी मातीची घागर पाण्याने भरून तिच्यावर डांगर (खरबूज) ठेवून पूजा केली जाते. अनेक घरांत ही घागर भरेपर्यंत कोणी आंबा तोंडात घालत नाही. या सणातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीमागे वैशाखातले ऊन उभे आहे, आणि ते ऊनच जिथे नसते तिथे सणाचे काय होते, हा प्रश्न आता खान्देशातल्या पुष्कळ कुटुंबांना पडतो, कारण त्यांची मुले ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये स्थायिक झाली आहेत.

माझी भाची मेलबर्नला असते. तिने तिथे हौसेने मातीची घागर मिळवली, आखाजीला भरली, आणि संध्याकाळी फोनवर म्हणाली, "मामा, घागर पाझरते आहे, पण पाणी काही गार होत नाही." तिचे निरीक्षण अगदी अचूक होते आणि त्यामागचे भौतिकशास्त्र समजून घेण्यासारखे आहे.

घागरीच्या भाजलेल्या मातीत असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाणी झिरपून बाहेरच्या पृष्ठभागावर येते, घागरीवर हात फिरवला की तळव्याला ओल लागते, आणि ही ओल हवेत उडून जाताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता लागते. त्यामुळे दहा लिटरांच्या घागरीतले पाणी वीस अंशांनी गार व्हायला, बाहेरून येणारी उष्णता हिशेबात न धरल्यास, जेमतेम साडेतीनशे मिलिलिटर पाणी उडून गेले तरी पुरते. मात्र पाणी किती उडेल हे हवा किती कोरडी आहे यावर ठरते, आणि या थंडाव्याला एक मर्यादाही असते. बाष्पीभवनाने पाणी ज्या तापमानाच्या खाली जाऊ शकत नाही, त्याला आर्द्र तापमान म्हणतात. भुसावळला वैशाखातल्या दुपारी हवा 42 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल, तर ही मर्यादा सुमारे 22 अंशांवर येते, म्हणजे वीस अंशांचा उतार मिळण्याची सोय असते. मेलबर्नला त्याच सुमारास हवा 17 अंश आणि आर्द्रता 65 टक्के असेल, तर मर्यादा सुमारे 13 अंश येते आणि उतार उरतो जेमतेम चार अंशांचा. घागर तीच असली तरी तिला काम करायला लागणारी कोरडी, तापलेली हवा तिथे त्या दिवसांत नसते. तीच घागर भाचीने जानेवारीत, उत्तरेकडून रखरखीत वारे वाहत असताना भरली, तर पाणी उत्तम गार होईल.

पृथ्वी सूर्याच्या जवळ आली की उन्हाळा होतो, ही समजूत अजूनही बऱ्याच जणांच्या मनात असते. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ, म्हणजे सुमारे 14.7 कोटी किलोमीटरवर, जानेवारीच्या सुरुवातीला येते, जेव्हा खान्देशात शेकोट्या पेटलेल्या असतात. ऋतू ठरवतो तो पृथ्वीच्या अक्षाचा 23.4 अंशांचा कल: जो गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो तिथे उन्हाळा, आणि तेव्हाच दुसऱ्या गोलार्धात हिवाळा. 2025 साली आखाजी 30 एप्रिलला होती. त्या दिवशी मध्यान्हीचा सूर्य जळगावात क्षितिजापासून जवळपास 84 अंशांवर, म्हणजे थेट डोक्यावर आला होता, तर मेलबर्नला तो 38 अंशांच्याही वर चढला नाही. किरण तिरपे पडले की तेवढीच उष्णता अधिक जमिनीवर पसरते. शिवाय जळगावचा दिवस पावणेतेरा तासांहून मोठा होता आणि मेलबर्नचा साडेदहा तासांच्या आसपास.

आंब्यालाही हाच नियम लागू पडतो. आंब्याच्या झाडाला मोहोर यायला थंड रात्री लागतात, आणि मोहोरापासून फळ पिकेपर्यंत पुढे काही महिने जातात. आपल्याकडची थंडी डिसेंबर-जानेवारीत पडते, म्हणून आंबा आखाजीच्या सुमारास हाताशी येतो. तिथली थंडी जून-जुलैत पडते, म्हणून ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या नॉर्दर्न टेरिटरी आणि क्वीन्सलँडचा आंबा साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारीत बाजारात असतो. आखाजीचा आमरस तिथे बहुधा डब्यातल्या किंवा गोठवलेल्या रसाचा करावा लागतो.

मग सणच सहा महिने पुढे का ढकलू नये? इथे पंचांगाची रचना आड येते. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या कोनीय अंतराचा बारा अंशांचा टप्पा. तो पृथ्वीच्या केंद्रापासून मोजला जात असल्याने तृतीया जळगावात आणि मेलबर्नला एकाच क्षणी सुरू होते. सणाचा दिवस सूर्योदयाच्या तिथीवरून धरायचा तर तिथला सूर्योदय त्या दिवसांत आपल्याआधी साडेतीन तास होतो, त्यामुळे क्वचित एका दिवसाचा फरक पडू शकतो, इतकेच. तिथी सर्व पृथ्वीची, ऋतू मात्र त्या त्या गोलार्धाचा. बारा चांद्रमासांचे वर्ष 354 दिवसांचे असते आणि ते सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी मागे पडते. ही तूट आपले पंचांग साधारण साडेबत्तीस महिन्यांनी येणाऱ्या अधिक मासाने भरून काढते. हिजरी कालगणनेत अशी भरपाई नाही, म्हणून रमजान सुमारे 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो आणि मेलबर्नच्या मुसलमान कुटुंबांना तो कधी उन्हाळ्यात, कधी हिवाळ्यात मिळतो. आपला वैशाख मात्र उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्याशी बांधलेला राहिला, आणि ज्या अधिक मासाने तो बांधला, त्यानेच मेलबर्नची आखाजी शरद ऋतूत कायमची अडकवून ठेवली आहे.

म्हणून मला वाटते की पितरांची घागर, पूजा आणि माहेरची भेट यांना तिथीवरच ठेवावे, कारण तोच दिवस इकडच्या घराशी जुळतो, आणि जे ऋतूचे आहे ते मोकळ्या मनाने तिथल्या ऋतूला द्यावे. आमरसाची पंगत तिथे नाताळच्या सुट्टीत उत्तम बसेल. हिवाळ्यातल्या भरिताला तर तिथीचे बंधनच नाही. आपल्याकडे शेतात कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजून कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीबरोबर भरीत खातात ते थंडी आहे म्हणून, आणि तशी थंडी मेलबर्नला जून-जुलैत पडते, तेव्हा तिथल्या खान्देशी मंडळींनी भरिताचा बेत त्या महिन्यांतच करावा.