पिवळा त्रिकोण म्हणजे हिरवा कंदील नव्हे

कंपवातासाठी डीबीएस केलेल्या, म्हणजे मेंदूत इलेक्ट्रोड बसवून सौम्य वीज देणारा संच लावलेल्या पेशंटच्या घरचे बेधडक सांगतात, "आमचं मशीन एमआरआय-सेफ आहे." संचासोबत मिळालेलं कार्ड बघावं तर त्यावर पिवळा त्रिकोण, म्हणजे 'एमआर कंडिशनल'.

'एमआर सेफ'ची खूण हिरवा चौकोन. ती प्लास्टिकच्या ट्रेसारख्या वस्तूला मिळते, जिच्यात धातू नाही आणि वीज वाहून नेणारं काहीच नाही. डीबीएसचा संच म्हणजे छातीत बॅटरी, तिथून मानेतून डोक्यात गेलेली तार. त्याला हिरवा चौकोन मिळणारच नाही. 'कंडिशनल' म्हणजे अटी पाळल्या तरच.

या अटी समजायला आधी धोका कुठला ते बघू. चुंबक बॅटरी खेचेल, ही लोकांची भीती. डॉक्टरांना जास्त धास्ती असते ती उष्णतेची. स्कॅनच्या रेडिओ लहरी तार अँटेनासारखी पकडते आणि तिचं टोक तापतं. ते टोक असतं थेट मेंदूत. टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप; दीड टेस्लाच्या मशीनमध्ये या लहरी ६४ मेगाहर्ट्झच्या, तीन टेस्लात १२८च्या. तार किती तापेल हे तिची लांबी, तिची मांडणी आणि लहरीची लांबी यांच्या मेळावर ठरतं. म्हणून 'कमी टेस्ला, कमी धोका' हा हिशेब इथे चालत नाही. दीड टेस्लाला परवानगी असलेला संच एक टेस्लाच्या मशीनमध्ये आपोआप चालत नाही.

२००५ साली प्रसिद्ध झालेली एक केस आहे. स्कॅन कमरेचा, मशीन एक टेस्लाचं. इलेक्ट्रोडभोवती रक्तस्राव होऊन पेशंटला लकवा झाला. "डोक्याचा थोडाच आहे, कमरेचा तर आहे" हे वाक्य म्हणूनच मला धडकी भरवतं. जुन्या संचांना उलट डोक्याचाच स्कॅन, तोही डोक्यापुरत्याच लहरी सोडणाऱ्या कॉइलने, चालायचा. संपूर्ण शरीराच्या स्कॅनला अमेरिकेत मान्यता मिळाली २०१५ मध्ये, ठरावीक मॉडेल्सनाच.

शिवाय कार्डावरचं मॉडेल बरोबर असून भागत नाही. बॅटरी नवी पण तार जुनी, किंवा तार आतून तुटलेली असेल, तर 'कंडिशनल' हा शिक्का त्या संचाला लागू राहीलच असं नाही. म्हणून स्कॅनआधी डीबीएसवाले प्रोग्रामर (संचाशी बाहेरून बोलणारं उपकरण) लावून तारेचा रोध तपासतात आणि संच एमआरआय मोडवर टाकतात. स्कॅननंतर तो पुन्हा चालू करून घ्यायचा, हे घरच्यांनीच लक्षात ठेवलेलं बरं.

फिजिओथेरपीतल्या डायथर्मीच्या शेकाला मात्र अटीबिटी काही नाहीत, सरळ मनाईच आहे.