कपात सूचना

कपात सूचना म्हणजे शासनाने विधानसभेपुढे ठेवलेल्या अनुदानाच्या मागणीतील, म्हणजे एखाद्या खात्याच्या खर्चासाठी पैसे मागणाऱ्या प्रस्तावातील, रक्कम कमी करावी, अशी सदस्याने रीतसर दिलेली सूचना. नाव कपातीचे असले तरी ती देणाऱ्या आमदाराला बहुतेक वेळा कपात नकोच असते. आपल्या मतदारसंघातील एखाद्या कामाला पुरेसा पैसा मिळाला नाही, ही तक्रार सभागृहाच्या कामकाजात चढावी म्हणून तो शंभर रुपये कमी करा असे म्हणतो. शासन खर्चाला खरी कात्री लावते ती बहुधा वर्षाच्या मध्यात, वित्त विभागाच्या एका परिपत्रकाने, आणि त्या परिपत्रकावर सभागृहात मतदान होत नाही. त्यामुळे निवडणूक जवळ आली की सोलापुरात काय किंवा अन्यत्र काय विचारल्या जाणाऱ्या, आमच्या आमदाराने कपातीच्या बाजूने हात वर केला की विरुद्ध, या सरळ प्रश्नाला कागदोपत्री सरळ उत्तर मिळत नाही.

या विसंगतीचे मूळ राज्यघटनेच्या २०२ ते २०४ या अनुच्छेदांत आहे. दरवर्षी विधानमंडळापुढे येणाऱ्या वार्षिक वित्तीय विवरणपत्रात, म्हणजे रूढ भाषेत अर्थसंकल्पात, खर्चाचे दोन भाग असतात. राज्यपालांची उपलब्धी, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांची वेतने, कर्जावरील व्याज व परतफेड यांसारखा भारित खर्च चर्चेला येऊ शकतो, पण मताला टाकला जात नाही. उरलेला खर्च विभागवार मागण्यांच्या रूपाने विधानसभेपुढे येतो, आणि अनुच्छेद २०३ प्रमाणे सभागृह त्या मागणीला संमती देऊ शकते, ती नाकारू शकते किंवा रक्कम घटवून संमती देऊ शकते. रक्कम वाढवण्याचा अधिकार सभागृहाला नाही, कारण राज्यपालांच्या शिफारशीशिवाय, म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळाच्या इच्छेशिवाय, कोणतीही मागणी मांडताच येत नाही. तेव्हा एखाद्या आमदाराला आपल्या तालुक्यासाठी जास्त पैसा हवा असला तरी संसदीय भाषेत त्याला ‘कमी करा’ असेच म्हणावे लागते.

लोकसभेच्या कामकाज नियमांपैकी २०९ व्या नियमात कपात सूचनेचे तीन प्रकार सांगितले आहेत आणि राज्यांच्या विधानसभांतही साधारण हीच विभागणी चालते. मागणी घटवून एक रुपयावर आणावी, ही धोरणविषयक कपात. त्या खात्याचे धोरणच मान्य नाही असे सदस्य तिच्याद्वारे सांगतो आणि पर्यायी धोरण कोणते तेही त्याला मांडता येते. ठरावीक रक्कम वगळावी, ही काटकसरीची कपात. तिसरी लाक्षणिक कपात मागणीतून फक्त शंभर रुपये कमी करण्याची असून तिचा रोख एका नेमक्या गाऱ्हाण्यावर असतो. सूचना एकाच मागणीपुरती आणि एकाच विषयापुरती असावी, भारित खर्चाला स्पर्श करू नये, न्यायप्रविष्ट बाब आणू नये, असे तिचे पथ्यही ठरलेले आहे.

महाराष्ट्रात मागण्यांना खात्याचे अक्षर व क्रमांक असतात. सार्वजनिक बांधकामाच्या मागण्या ‘एच’ने, तर जलसंपदेच्या ‘आय’ने सुरू होतात. सोलापूर जिल्ह्यातील सदस्याची लाक्षणिक सूचना कशी दिसेल, याचा नमुना म्हणून असे समजावे: जलसंपदा विभागाची अमुक मागणी १०० रुपयांनी कमी करण्यात यावी, आणि त्याखाली कारण एका ओळीत, ‘एकरुख उपसा सिंचन योजनेची दक्षिण सोलापूर व अक्कलकोट तालुक्यांतील अपूर्ण कामे पूर्ण करण्याची आवश्यकता’. वाचणाऱ्याला प्रथमदर्शनी हा आमदार योजनेचे पैसे तोडायला निघाला आहे असे वाटेल. वस्तुतः त्या एका ओळीने त्याने मंत्र्याला उत्तर देण्यास बांधलेले असते, आणि मंत्र्यांनी उत्तरात ‘निधी उपलब्धतेनुसार’ हा शब्दप्रयोग केला तर जाणकार आमदार त्याचा अर्थ यंदा काही नाही असाच घेतो.

ही पद्धत ब्रिटिश संसदेच्या ‘आधी गाऱ्हाणे, मग पुरवठा’ (पुरवठा म्हणजे सरकारला खर्चासाठी पैसे देणे) या जुन्या संकेतातून आली. १९१९ च्या भारत सरकार कायद्यानंतर भारतातील कायदेमंडळांना काही मागण्यांवर मत देता येऊ लागले. १९२४ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात स्वराज्य पक्षाने इतर गटांच्या साहाय्याने काही मागण्या फेटाळूनही लावल्या, पण फेटाळलेली रक्कम पूर्ववत करण्याचा अधिकार तेव्हा गव्हर्नर जनरलकडे होता. स्वातंत्र्यानंतर तो अधिकार गेला आणि पक्षशिस्त आली.

मतदानाची नोंद का सापडत नाही, हे समजण्यासाठी मागण्या कशा मंजूर होतात ते पाहावे लागते. खात्यांवरील चर्चा संपली, मंत्र्यांचे उत्तर झाले की अध्यक्ष आधी कपात सूचना व नंतर मूळ मागण्या मताला टाकतात. अनुकूल सदस्य ‘होय’ म्हणतात, प्रतिकूल ‘नाही’ म्हणतात, कोणाचा आवाज मोठा ते अध्यक्ष ठरवतात, आणि २८८ सदस्यांच्या सभागृहात काही हजार कोटी रुपयांचा निकाल दोन मिनिटांत लागतो. कोणत्या सदस्याने काय म्हटले याची नोंद आवाजी मतदानात होत नाही. त्या वेळी तो सभागृहात होता की लॉबीत चहा घेत होता, हेही इतिवृत्तावरून कळत नाही. सदस्यांनी मतविभागणी मागितली तरच नावानिशी मोजणी होते, आणि विरोधकांना आपले संख्याबळ उघडे पाडायचे नसल्यामुळे मागण्यांवर ती क्वचितच मागितली जाते. अनेक सूचना तर मंत्र्यांच्या आश्वासनानंतर मागेच घेतल्या जातात. चर्चेचे ठरलेले दिवस संपल्यावर उरलेल्या खात्यांच्या मागण्या एकगठ्ठा मताला टाकण्याची जी पद्धत आहे, तिला गिलोटिन म्हणतात. त्या मागण्यांवरील कपात सूचना चर्चेविनाच निकालात निघतात. विधान परिषदेला मागण्यांवर मत देण्याचा अधिकार नाही. तिथे केवळ चर्चा होते, म्हणून परिषदेवरील सदस्याची या विषयावर मतदानाची नोंद असण्याचा प्रश्नच येत नाही.

मतविभागणी झाली तरी सदस्याचे मत त्याचे स्वतःचे असतेच असे नाही. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या अनुसूचीप्रमाणे, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याप्रमाणे, पक्षादेशाविरुद्ध (व्हिपविरुद्ध) मत देणारा किंवा मतदानास गैरहजर राहणारा सदस्य, पक्षाने पंधरा दिवसांत त्याचे वर्तन क्षम्य ठरवले नाही तर, अपात्र ठरू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या किहोटो होलोहान खटल्यात ही तरतूद वैध ठरवताना असे म्हटले की, अपात्रतेचे हत्यार सरकारच्या अस्तित्वाशी किंवा पक्षाच्या मूलभूत धोरणाशी निगडित मतदानापुरते ठेवावे. परंतु एखादी कपात सूचना मंजूर होणे म्हणजे सभागृहाचा विश्वास गमावणे असा संकेत असल्यामुळे अर्थसंकल्पावरील मत नेमके त्या कक्षेत येते. याची दोन उदाहरणे ठळक आहेत. २७ एप्रिल २०१० रोजी लोकसभेत विरोधकांची एक कपात सूचना २०१ विरुद्ध २८९ मतांनी पडली. त्या दिवशी झारखंडचे मुख्यमंत्री शिबू सोरेन यांनी खासदार या नात्याने केंद्र सरकारच्या बाजूने मत दिले आणि रांचीत त्यांच्या सरकारला पाठिंबा देणाऱ्या भारतीय जनता पक्षाने तो काढून घेतला. फेब्रुवारी २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशात कपात सूचना व अर्थसंकल्प यांच्या वेळी सभागृहात हजर राहण्याचा पक्षादेश मोडल्याबद्दल काँग्रेसच्या सहा आमदारांना अध्यक्षांनी अपात्र ठरवले. राज्यसभा निवडणुकीत त्यांनी पक्षाविरुद्ध दिलेली मते वर्तमानपत्रांत गाजली, पण आमदारकी गेली ती अर्थसंकल्पाच्या दिवशीच्या गैरहजेरीने.

मतदानाला न येणारी कपात हा या विषयाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी लिहिला गेलेला भाग आहे. सभागृहाने मंजूर केलेली तरतूद ही खर्चाची कमाल मर्यादा असते, तेवढा खर्च करण्याचे वचन नव्हे. महाराष्ट्रात ‘बीम्स’ या संगणकीय अर्थसंकल्प वितरण प्रणालीतून वित्त विभाग वर्षभर टक्क्याटक्क्याने निधी सोडतो, आणि जो टक्का सुटला नाही तीच कपात. करोनाच्या पहिल्या टाळेबंदीत ४ मे २०२० रोजी निघालेल्या शासन निर्णयाने २०२०-२१ या वर्षात विकासकामांवर तरतुदीच्या केवळ ३३ टक्के रक्कम उपलब्ध होईल असे ठरवले, नवी कामे व बहुतांश नोकरभरती थांबवली. अर्थसंकल्प मंजूर होऊन दोन महिनेही झाले नव्हते. दोन-तृतीयांश खर्च गोठवणाऱ्या या निर्णयाच्या बाजूने वा विरोधात एकाही आमदाराच्या नावावर मत नाही. आमदारांच्या वेतनात वर्षभरासाठी केलेली ३० टक्के कपात मात्र तेव्हा पहिल्या पानावर झळकली. राज्याच्या तिजोरीच्या हिशेबात ती रक्कम नगण्य होती. जुलै २०२२ मध्ये सत्तांतर झाल्यावर आधीच्या सरकारने मंजूर केलेल्या अनेक कामांना स्थगिती मिळाली, तीही प्रशासकीय आदेशानेच. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचा निधी लाडकी बहीण योजनेकडे वळवला गेला, तेव्हा त्याच खात्याच्या मंत्र्यांनी वित्त विभागावर उघड नाराजी व्यक्त केली. जाहीर भूमिका आणि सभागृहातील मत यांच्यात किती अंतर असू शकते, याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळा.

सोलापूर जिल्ह्यात करमाळा, माढा, बार्शी, मोहोळ, सोलापूर शहर उत्तर, सोलापूर शहर मध्य, अक्कलकोट, सोलापूर दक्षिण, पंढरपूर, सांगोला आणि माळशिरस असे अकरा विधानसभा मतदारसंघ आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकांचे राजकारण उजनी धरणाच्या पाण्याभोवती व रखडलेल्या उपसा सिंचन योजनांभोवती फिरते. या योजना १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळाच्या कक्षेत येत असल्याने मागणीतील एक मोठा आकडा महामंडळाकडे जातो आणि तालुक्याच्या वाट्याला त्यातले किती आले हे अर्थसंकल्पाच्या पुस्तकावरून सामान्य माणसाला लागलीच उमगत नाही. स्थानिक बोलीत ‘काम बजेटला लागले’ म्हणतात तेव्हा यादीत नाव आणि त्यापुढे नाममात्र तरतूद, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. पुढे पैसे आले नाहीत की रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग पडून राहतात, ठेकेदार देयकासाठी विभागाच्या कार्यालयात खेटे घालतो, दोन पावसाळ्यांत त्या ढिगांवर गवत उगवते. कपात या शब्दाचा मतदाराला दिसणारा अर्थ तो. शहराच्या पूर्व भागातील विडी कामगार स्त्रीला तीच कपात निराधार योजनेचे अनुदान महिना-दोन महिने उशिरा आल्यावर कळते.

पक्ष बदलला की पक्षादेश बदलतो, पण मतदारसंघाची मागणी बदलत नाही, हे पंढरपूरच्या भारत भालके यांच्या कारकिर्दीत दिसते. २००९, २०१४ आणि २०१९ अशा तीन निवडणुका त्यांनी तीन वेगवेगळ्या पक्षांच्या चिन्हांवर जिंकल्या; मंगळवेढा तालुक्याच्या दक्षिणेकडील दुष्काळी गावांच्या पाण्याचा प्रश्न त्यांनी त्या सर्व काळात लावून धरला. अशा सदस्याच्या केवळ मतांचा तक्ता मांडला तर तो दोन वेळा भूमिका बदललेला दिसेल, आणि त्याच्या मागण्यांचा तक्ता मांडला तर एकदाही नाही. दुसऱ्या टोकाला सांगोल्याचे गणपतराव देशमुख. १९६२ पासून अकरा वेळा निवडून आलेल्या, १९७२ व १९९५ मध्ये पराभूत झालेल्या देशमुखांचा पक्ष अखेरपर्यंत शेतकरी कामगार पक्षच राहिला. १९७८ आणि १९९९ नंतरचा मंत्रिपदाचा अल्प काळ सोडला तर ते विरोधी बाकांवरच होते, आणि विरोधी बाकांवरील छोट्या पक्षाच्या सदस्याला प्रश्न, लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी सूचना) व कपात सूचना यांपलीकडे फारशी आयुधे नसतात. त्याच सांगोल्याच्या एका नंतरच्या आमदाराचे जून २०२२ मधील फोनवरचे संभाषण राज्यातल्या शाळकरी मुलांनाही पाठ झाले. त्या वर्षी मार्चमध्ये जलसंपदेच्या मागण्यांवर तालुक्यासाठी काय मागितले गेले, हे मात्र सांगोल्यातही फार थोड्यांना सांगता येईल.

निधी आणण्यासाठी सभागृहात जागा असावीच लागते असेही नाही. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नरसय्या आडम सोलापुरातून १९७८, १९९५ व २००४ मध्ये निवडून आले. मात्र कुंभारी येथील असंघटित कामगारांच्या ३० हजार घरांच्या रे नगर प्रकल्पाची पायाभरणी जानेवारी २०१९ मध्ये आणि त्यातील १५ हजार घरांचे लोकार्पण जानेवारी २०२४ मध्ये झाले, तेव्हा ते आमदार नव्हते.

अर्थसंकल्पात राहून गेलेली किंवा छाटली गेलेली रक्कम पुरवणी मागण्यांतून परत येऊ शकते. अनुच्छेद २०५ खालील या मागण्या सहसा पावसाळी व हिवाळी अधिवेशनांत येतात, आणि त्यांवरही कपात सूचना देता येतात. जुलै २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीला काही महिने उरले असताना, महाराष्ट्र शासनाने ९४,८८९ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या मांडल्या. याच्या उलट, न वापरलेली रक्कम ३१ मार्चला व्यपगत होते, म्हणजे ती पुढे खर्च करता येत नाही. तिची चौकशी पुढे महालेखापरीक्षकांच्या अहवालाच्या आधारे लोकलेखा समिती करते, पण तोपर्यंत काही वर्षे लोटलेली असतात आणि त्या खात्याचा मंत्रीही बहुधा बदललेला असतो.

आमदाराची कपातीविषयीची भूमिका तपासायची तर विधानसभेच्या कार्यवाहीच्या खंडांत त्याच्या नावावरील कपात सूचना, मागण्यांवरील भाषणे आणि तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) पाहावे लागतात. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीतील त्याचे म्हणणेही उपयोगी पडते, कारण जिल्हा वार्षिक योजनेचा किती निधी आला आणि किती अडला याचा आकडा तिथेच प्रथम उघड होतो. सत्ताधारी बाकांवरील सदस्याच्या बाबतीत खंड बहुधा कोरे सापडतात. तो कपात सूचना देत नाही. तो मंत्र्यांना पत्र देतो, त्यावर ‘तपासून सादर करावे’ असा शेरा घेतो, आणि त्या पत्राचे छायाचित्र संध्याकाळपर्यंत गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरत असते.